फडाचा बंधारा पाडायचा की चालवायचा: पांझरा खोऱ्यातील एक प्रकरण

हे प्रकरण धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे, संबंधित कार्यालयांचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही व मोजमापे ढोबळ ठेवली आहेत. प्रस्तुत लेखक मोजणीच्या टप्प्यापासून या कामाशी जोडलेला होता. खानदेशातील नद्यांवर असे दगडी बंधारे अजून बरेच उभे आहेत आणि त्यांपैकी अनेकांपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून कोणत्या वळणावर कोणता निर्णय झाला आणि तो का झाला, हे शक्य तितके सविस्तर नोंदवले आहे.

पार्श्वभूमी

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते, धुळे शहरातून वाहते आणि पुढे उत्तरेकडे वळून मुडावदजवळ तापीला मिळते. डोंगरात बऱ्यापैकी पाऊस आणि खाली सपाटीवर पर्जन्यछाया, अशी या खोऱ्याची रचना असल्यामुळे वरून वाहत येणारे पाणी अडवून पाटाने शेतात नेण्याची गरज इथे फार पूर्वीपासून होती. त्यातूनच फड पद्धत उभी राहिली. पांझरा, कान, मोसम, गिरणा या नद्यांच्या काठी तिचा विस्तार होता आणि ती साधारणपणे तीनशे ते चारशे वर्षे जुनी मानली जाते. 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्येही बंधारे आणि पाटांवरील बागायतीचे वर्णन आहे.

फड म्हणजे केवळ बंधारा नव्हे, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगणे आवश्यक आहे. नदीत दगडी बंधारा, त्याच्या एका खांद्याशी पाटाची मोरी, तिथून निघणारा पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या, जादा पाणी परत नदीत सोडणारे सांडवे आणि भिजणारे संपूर्ण क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे साधारण तीन किंवा चार मोठे तुकडे केले जात. तेच फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, मग तिथे जमीन कोणाचीही असो. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा भात, तिसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. पीक एकच असल्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागे आणि एकाच वेळी बंद होई. पाटकरी पाणी फिरवत असे, जागल्या पिकाची राखण करत असे, हवालदार दोघांवर देखरेख ठेवत असे आणि भांडणतंटे पंच मिटवत. पाणी कमी आले तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे आधीच ठरलेले असल्यामुळे तुटीचा भार एकट्यादुकट्या शेतकऱ्यावर पडत नसे. ब्रिटिश काळात 1879 चा मुंबई सिंचन कायदा आल्यानंतरही अशा गावकीच्या पाटांचे व्यवस्थापन बहुतांशी गावाच्याच हाती राहिले.

प्रस्तुत बंधारा दोनशे फुटांहून थोडा अधिक लांब आहे. पाया थेट नदीतल्या काळ्या कातळावर आहे. बाहेरील दोन्ही अंगांना घडीव दगड, आत चुन्यात बसवलेली दगडांची भर, आणि खालच्या बाजूला उतरत जाणारे टप्पे. बांधणाऱ्याचा शिलालेख नाही. गावातील जुन्या पाटील घराण्याकडे मोडी लिपीतले काही कागद होते. धुळ्यातील एका मोडी वाचकाने ते वाचून दिले, तेव्हा त्यांत बंधाऱ्याच्या डागडुजीचा खर्च थळातील जमिनीच्या प्रमाणात वाटून घेतल्याची नोंद निघाली. पुढे या कागदाचा उपयोग झाला, पण वारशाचा पुरावा म्हणून नव्हे. दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा याचा पायंडा म्हणून तो उपयोगी पडला.

प्रश्न कसा उभा राहिला

गेल्या चाळीसेक वर्षांत तीन गोष्टी एकाच वेळी घडत गेल्या. वरच्या भागात धरणे झाली आणि नदीचा बारमाही प्रवाह हंगामी झाला. विहिरींवर विजेचे पंप आले, त्यामुळे ज्यांची ऐपत होती त्यांना पाटाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. आणि नदीतून वाळू उपसली जाऊ लागली. पाटकऱ्याला मोबदला म्हणून मिळणारे धान्य बंद झाले, पंचांची बैठक भरेनाशी झाली, पाट काही ठिकाणी बुजला तर काही ठिकाणी शेतात मिसळून गेला. बंधाऱ्यावर उंबर आणि पिंपळ उगवले. घडीव दगड हळूहळू गावात ओट्याला, गोठ्याला आणि दुकानांच्या पायऱ्यांना लागले.

मग एका पावसाळ्यात मोठा पूर आला. पाटाच्या मोरीलगतची पंखभिंत वाहून गेली आणि बंधाऱ्याच्या डाव्या खांद्याला माणूस वाकून आत जाईल एवढे भगदाड पडले. पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी बंधारा जीर्ण व धोकादायक असल्याचा अहवाल दिला आणि त्याच जागी कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे दारे काढता-घालता येणारा, नवा बंधारा बांधण्याचा प्रस्ताव तयार झाला. जुने दगडी बांधकाम काढून टाकणे ही प्रस्तावातली पहिलीच बाब होती. निधी जिल्हा नियोजनातून मिळण्यासारखा होता, पण तो मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे ही अट होती. म्हणजे विचार करायला गावाकडे हिवाळ्याचे चार महिने होते.

या प्रस्तावामागे दुष्ट हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांनाही तो हवा होता. त्यांच्या दृष्टीने दगडी बंधाऱ्यात पाणी थांबत नव्हते आणि काँक्रीटच्या बंधाऱ्यात ते थांबणार होते. ग्रामसभेत एका म्हाताऱ्या पाटकरी आप्पांनी अहिराणीत एवढेच विचारले, “बंधारा शे, पन पानी कोठे शे?” बंधारा वाचवू पाहणाऱ्यांना याचे उत्तर देता आल्याशिवाय पुढे जाताच येणार नव्हते, आणि माझ्या मते हा प्रश्न इतक्या लवकर विचारला गेला हेच या प्रकरणाचे भाग्य होते.

मालकी कोणाची हा दुसरा गुंता होता. लहान सिंचन कामांची जबाबदारी लाभक्षेत्रानुसार जिल्हा परिषद, जलसंधारण आणि जलसंपदा अशी वाटलेली असते. हा बंधारा त्यांच्या आधीचा. एका कार्यालयाच्या नोंदवहीत तो हस्तांतरित झाल्याचा शेरा होता, तर दुसऱ्याकडे तो ताब्यात घेतल्याची नोंदच नव्हती. परिणामी पाडण्याचा प्रस्ताव एका कार्यालयाने केला होता आणि दुरुस्तीचा अर्ज मात्र कोणतेच कार्यालय स्वीकारत नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अर्थातच प्रस्ताव मान्य करण्याचा होता. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यात दारे काढून पूर आणि गाळ वाहू देता येतो आणि पावसाळा सरताना दारे बसवून पाणी अडवता येते, हा त्याचा खरा गुण आहे. दगडी बंधाऱ्यात गाळ साचतो तो साचतोच. परंतु या पर्यायाच्या यशाची सारी भिस्त दारे वेळेवर बसवण्यावर आणि काढण्यावर असते. परिसरातील असे दोन बंधारे गावकऱ्यांनी जाऊन पाहिले. एकाची दारे चोरीला गेली होती आणि दुसऱ्याची कोणी बसवलीच नव्हती. व्यवस्था नसेल तर नवा बंधाराही कोरडाच राहतो, हे त्या भेटीत लोकांच्या डोळ्यांसमोर आले आणि तिथून चर्चेचा सूर बदलला.

दुसरा पर्याय राज्य संरक्षित स्मारकाचा. महाराष्ट्राच्या 1960 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि नंतर अंतिम अधिसूचना होते. गावातील तरुणांचा आग्रह याच मार्गासाठी होता. पण गावात भीतीही होती. केंद्र संरक्षित स्मारकांभोवती 2010 च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, हे लोकांनी ऐकलेले होते आणि आपल्या विहिरी व गोठे त्यात अडकतील असे त्यांना वाटत होते. राज्याचा आणि केंद्राचा कायदा वेगळा आहे हे समजावून सांगता आले, तरी मूळ अडचण उरतच होती: संरक्षित वास्तूला हात लावायला परवानगी लागते, आणि पाण्याच्या बंधाऱ्याला दर पावसाळ्यानंतर हात लावावाच लागतो. शिवाय ही प्रक्रिया मार्चपूर्वी पूर्ण होणे शक्य नव्हते.

जुना बंधारा तसाच ठेवून खाली नवा बांधावा, असे मधले मत काही अधिकाऱ्यांचे होते. ऐकायला ते समंजस वाटत होते. पण खालच्या बंधाऱ्याचे पाणी मागे चढून जुन्याच्या पायथ्याशी उभे राहिले असते, जुना गाळात गाडला गेला असता आणि पाटाची मोरी कायमची निकामी झाली असती. वास्तू राहिली असती, पण तिचे काम संपले असते.

चौथा पर्याय दुरुस्ती करून पाट पुन्हा चालू करण्याचा. यात धोका सर्वांत अधिक होता, कारण दुरुस्ती टिकेल याची हमी द्यायला कोणी तयार नव्हते आणि पाट चालवायला माणसे उरली नव्हती.

निर्णायक वळण: आधी मोजणी, मग मागणी

आंदोलन करावे, वर्तमानपत्रात बातम्या द्याव्यात, असा सूर गावात जोरात होता. ग्रामपंचायतीने ते पुढे ढकलले आणि प्रथम तीन कागद तयार करायचे ठरवले: बंधाऱ्याचा मोजमापांसह नकाशा, पाटाच्या जमिनीचे उतारे, आणि थळात आजही पाटाचे पाणी घेण्यास तयार असलेल्या खातेदारांची सह्यांची यादी. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. तोपर्यंत ‘जीर्ण’ हा शब्द अहवालात होता, पण जीर्ण नेमके काय आहे हे कोणी मोजलेले नव्हते.

जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाने मोजणीला मदत केली. पाणी ओसरल्यावर पायथ्याशी चाचणीखड्डे घेतले. तेव्हा कळले की बंधाऱ्याचा मधला मोठा भाग भक्कम होता. दोष तीन ठिकाणी होते. डाव्या खांद्याच्या आतील चुना झाडांच्या मुळांनी पोखरून आणि पाण्याने धुऊन निघून गेला होता, त्यामुळे आतली भर सुटी झाली होती. वरच्या अंगाला पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला होता. आणि उजव्या बाजूला, खाली वाळू उपसल्यामुळे नदीचे पात्र बरेच खोल गेले होते. वरचा टणक कातळ जसाच्या तसा होता, पण त्याखालचा मऊ मुरमाचा थर उघडा पडून पाण्याने आत कोरला जात होता.

सिमेंटच्या गिलाव्याचा भाग जवळून पाहण्यासारखा होता. गवंड्याने छिन्नी लावताच त्याचे हातभर रुंद पापुद्रे सुटून आले आणि प्रत्येक पापुद्र्यामागे दगडाचा पातळ थर चिकटून आला. मागे ओल कोंडलेली होती, आणि सांध्यातला जुना चुना तिथे दह्याच्या चोथ्यासारखा बोटाने निघत होता. त्याच बंधाऱ्याच्या मधल्या भागात, जिथे सिमेंट पोहोचले नव्हते, तिथल्या सांध्यात विटेचे लालसर कण दिसत होते आणि नखाने ओरखडाही उठत नव्हता. दुरुस्तीनेच केलेले नुकसान इतक्या स्पष्टपणे दिसल्यावर दुरुस्ती चुन्यातच करायची या मुद्द्यावर गावात वाद राहिला नाही.

याच सुमारास ग्रामसभेत एका निवृत्त गुरुजींनी एक मुद्दा मांडला, तो इथे नोंदवण्यासारखा आहे. विश्वेश्वरय्यांनी 1884 मध्ये नोकरीच्या आरंभी याच खोऱ्यात दातर्तीजवळ पाटाचे पाणी पलीकडे नेणारा नळांचा सायफन बांधला, आणि त्याचा अभिमान जिल्ह्याला आजही आहे. तो पाडा असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याला मोठे नाव जोडलेले आहे. आपला बंधारा ज्यांनी बांधला त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत, म्हणून तो जीर्ण ठरतो. गुरुजींच्या या बोलण्यानंतर ठराव एकमताने झाला असे नाही, पण विरोधातले काही हात खाली आले.

विभागाशी तडजोड

नकाशा, उतारे आणि यादी घेऊन शिष्टमंडळ संबंधित विभागाकडे गेले, तेव्हा तिथल्या शाखा अभियंत्यांनी दोन सरळ प्रश्न विचारले. पुढच्या पुरात बंधारा फुटला तर जबाबदार कोण, आणि मंजूर होऊ घातलेला निधी परत गेला तर थळाबाहेरच्या शेतकऱ्यांना काय सांगायचे. दोन्ही प्रश्न रास्त होते.

पहिल्याचे उत्तर 2005 च्या कायद्यात मिळाले. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमानुसार पाणीवापर संस्था स्थापन करता येते. थळातील खातेदारांनी अशी संस्था उभारण्याची प्रक्रिया सुरू केली आणि देखभालीची जबाबदारी लेखी स्वीकारली. जुन्या फडाच्या पंचांचे काम नव्या कायद्याच्या चौकटीत बसवण्याचा हा प्रयत्न होता. मोडी कागदातील खर्चवाटपाची रीत, म्हणजे थळातील जमिनीच्या प्रमाणात वर्गणी, संस्थेने जशीच्या तशी घेतली. नव्या नियमापेक्षा आजोबांनी पाळलेला नियम लोकांना सोपा वाटला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राजकीय होते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा रद्द करण्याऐवजी तो गावच्याच शिवारातील दुसऱ्या नाल्यावर, थळाबाहेरच्या शेतांना उपयोगी पडेल अशा जागी हलवावा, अशी मागणी ग्रामपंचायतीने केली. वारसाप्रेमी तरुणांना हे आवडले नाही. तत्त्वाची लढाई सोडून सौदा केला, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु जुना बंधारा वाचवण्याची किंमत त्याच्यापासून काहीच लाभ नसलेल्या शेजाऱ्यांनी का मोजावी, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. जागा बदलली, निधी गावातच राहिला आणि दगडी बंधाऱ्याला असलेला विरोध जवळपास संपला. दुरुस्तीसाठी विभागाने थोडी रक्कम दिली, उरलेली वर्गणीतून आणि देणग्यांतून उभी राहिली.

प्रत्यक्ष काम

काम दोन उन्हाळ्यांत झाले. पहिल्या उन्हाळ्यात नुसती झाडे काढायला आणि चुना तयार करायला वेळ गेला. उंबर आणि पिंपळ वरून तोडले तर पावसाळ्यात दुप्पट जोराने फुटतात. म्हणून खोड तोडून मुळे जिथपर्यंत गेली होती तिथपर्यंत दगड क्रमांक टाकून उतरवले आणि मुळे समूळ काढली.

चुन्याबाबत एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. नुसता भिजवलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो. पाण्याखाली किंवा सतत ओलीत तो घट्ट होत नाही. जुने कारागीर म्हणून कंकराचा, म्हणजे मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गाठींचा, चुना वापरत किंवा चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, मिसळत. त्यामुळे तो पाण्यातही धरतो. गावाच्या आसपास आता कंकराच्या भट्ट्या उरलेल्या नाहीत. चुना बाहेरून आणला, खड्ड्यात कित्येक आठवडे भिजवून ठेवला आणि कमी भाजलेल्या विटा दळून सुरखी केली. नाशिककडच्या देवळांच्या दुरुस्तीवर काम केलेले एक वयस्क गवंडी आले, त्यांनी चुना दळण्याची दगडी चाकाची घाणी पुन्हा बसवून घेतली. मिश्रणाचे प्रमाण ठरवताना त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणांचे गोळे करून काही दिवस सुकवले आणि मग पाण्याच्या बादल्यांत सोडले. सुरखी नसलेले गोळे सकाळपर्यंत विरघळून तळाशी बसले. सुरखीचे गोळे तसेच राहिले, त्यांतला जो फोडायला सर्वांत जड गेला त्याचे प्रमाण कामाला घेतले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील चाचणी नंतर झाली आणि तिने हेच प्रमाण योग्य ठरवले.

खांद्याच्या आतील पोकळ्या पातळ चुना-सुरखी ओतून भरल्या, दाब न देता, केवळ उंचीच्या जोरावर. पंपाने दाब देण्याची सूचना ठेकेदाराची होती. सुटी झालेली भर दाबाने आणखी फुटली असती म्हणून ती नाकारली. वेळ जास्त गेला, पण बाहेरचे दगड हलले नाहीत.

घडीव दगड कमी पडत होते. गावात गेलेले दगड परत मिळवण्यासाठी नोटिसा काढाव्यात असे काहींचे मत होते. सरपंचताईंनी ते मानले नाही. दवंडी देऊन एवढेच सांगितले की ज्यांच्याकडे बंधाऱ्याचा दगड आहे त्यांनी तो नदीकाठी आणून ठेवावा, कोणाचे नाव लिहिले जाणार नाही. बरेचसे दगड रात्रीतून येऊन पडले. जे आले नाहीत त्यांच्या जागी नवा काळा पाषाण घडवून बसवला आणि तो नवा आहे हे ओळखू यावे म्हणून त्याच्या मागील अंगावर साल कोरले.

पाटाच्या मोरीवर पूर्वी लाकडी फळ्या असत. तिथे लोखंडी, चाकाने फिरणारे दार बसवले. यावर बाहेरून आलेल्या एका वास्तुतज्ज्ञांनी आक्षेप घेतला. मला तो पटत नाही. लाकडी फळ्या जागेवर राहण्यासाठी रोज तिथे फिरणारा पाटकरी लागतो. आजच्या व्यवस्थेत तो आठवड्यातून काही वेळाच येतो. दगडाला धक्का न लावता, गरज पडल्यास काढून टाकता येईल अशा चौकटीत दार बसवले आहे, आणि पाणी वाहते राहणे हे इथे मूळ लाकडापेक्षा महत्त्वाचे होते.

उलट बंधाऱ्यावर रेलिंग, रंगीत दिवे आणि सेल्फीची जागा करण्यासाठी आलेला निधी ग्रामपंचायतीने नाकारला. माथ्यावरून पुराचे पाणी जाते. तिथे रेलिंग उभे केले तर ओंडके अडकून भिंतीवरचा दाब वाढतो. हे कारण लेखी दिल्यामुळे नकाराचा कोणाला राग आला नाही.

निष्पत्ती

दुरुस्तीनंतर दोन मोठे पूर येऊन गेले. दुरुस्त केलेला डावा खांदा जागचा हलला नाही. पाटाने पहिल्या हंगामात मध्यापर्यंत पाणी नेले. टोकाच्या शेतांपर्यंत ते अजून नियमित पोहोचत नाही, कारण तिथे पाटाचा काही भाग खासगी शेतात गेलेला आहे आणि त्याची मोजणी रखडली आहे. पाटालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी अधिक काळ टिकते, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. पाण्याची पातळी पद्धतशीर मोजण्याचे काम आत्ता कुठे सुरू झाले आहे, त्यामुळे किती वाढ झाली याचा आकडा इथे दिलेला नाही.

एका फडात एकच पीक हा नियम परत आणता आला नाही. कांदा, मका, कपाशी यांचे भाव आणि कर्जाचे हप्ते वेगवेगळे असताना शेतकऱ्याला पीक ठरवून देणे आज शक्य नाही. त्याऐवजी संस्था पाळीने पाणी देते आणि तुटीच्या वर्षी कोणत्या चारीला पाळी कमी मिळेल हे अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भरणाऱ्या बैठकीत आधीच ठरवते. फडाचा आत्मा तुटीची वाटणी आधी ठरवण्यात होता, असे मी समजतो; तेवढा भाग तरी शिल्लक आहे.

बंधाऱ्याच्या वरच्या डोहात मासेमारी करणाऱ्या भिल्ल कुटुंबांना दुरुस्तीच्या काळात एका हंगामाचे नुकसान सोसावे लागले. त्याची भरपाई कोणत्याही हिशेबात धरलेली नव्हती. नंतर गाळ काढण्याच्या कामात त्यांना प्राधान्य दिले, ते पुरेसे नव्हते.

संरक्षित स्मारकाचा प्रस्ताव आता दाखल झाला आहे, पण देखभालीच्या दुरुस्तीची मुभा स्पष्टपणे नमूद करावी या विनंतीसह.

वेगळे काय करता आले असते

वाळूचा प्रश्न सर्वांत आधी हाती घ्यायला हवा होता. उजव्या बाजूचा पाया आजही वाळू उपशामुळे धोक्यात आहे. पायथ्याशी दगडांचा थर टाकून तूर्त संरक्षण केले आहे, पण खाली पात्र खोल जात राहिले तर तो थर खचणार. दुरुस्तीच्या बैठकांना महसूल खात्याचा प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून असता, तर बंधाऱ्याखालच्या ठराविक अंतरात उपसा बंद ठेवण्याचा आदेश दुरुस्तीच्या मंजुरीबरोबरच मागता आला असता. आता तो स्वतंत्रपणे मागावा लागतो आहे आणि त्याला गावातूनच विरोध आहे, कारण काही घरांची मिळकत त्यावर आहे.

दुसरी गोष्ट टोकाच्या शेतकऱ्यांची. सह्यांच्या यादीत त्यांची नावे होती, वर्गणीही त्यांनी दिली, आणि पाणी मात्र मध्यापर्यंतच पोहोचले. पाटाच्या जमिनीची मोजणी बंधाऱ्याच्या दुरुस्तीपूर्वी झाली असती तर अतिक्रमणाचा वाद आधी मिटला असता. बंधारा उभा राहिल्यानंतर घाई कोणालाच उरली नाही. वर्गणी परत मागणाऱ्यांना संस्थेने पुढील दोन वर्षांची माफी दिली आहे.

तिसरी अडचण अंदाजपत्रकाची. विभागाच्या अभियंत्यांनी चुन्याचे काम मान्य केले, तरी त्यांच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात काँक्रीटच्या बाबी बसतात, घाणीवर दळलेल्या चुन्याच्या आणि कित्येक आठवड्यांच्या मुरवणीच्या बसत नाहीत. प्रत्येक वेळी विशेष बाब म्हणून वेगळी मंजुरी घ्यावी लागली आणि त्यात एक उन्हाळा जवळपास वाया गेला. या कामाचे दरविश्लेषण, म्हणजे किती चुना, किती सुरखी, किती गवंडी व किती दिवस, आता लिहून विभागाला सादर केले आहे. शेजारच्या गावातल्या बंधाऱ्यासाठी त्याची प्रत मागवली गेली आहे, आणि तिथल्या ग्रामपंचायतीने दुरुस्तीच्या अर्जाआधी पाटाच्या जमिनीच्या मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात दिला आहे.